अकराव्या रायफलीचं कार्ड

हे मी सुमनलाही सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या बायकोला माझं काय ठाऊक नव्हतं? पण हे नाही. ती गेली, तेव्हाही हे माझ्या पोटातच होतं. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांसमोर — खरं सांगतो — माझी जीभ उचलत नाही.

आधी माझा अभिमान ऐकून घ्या. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये अकरा रायफली आहेत. सगळ्या जुन्या, सगळ्या सरावाच्या. म्हणजे लढाईवर न गेलेल्या, फौजेतली पोरं ज्यांच्यावर नेम धरायला शिकली त्या. वजनाला आणि दिसायला लष्करी बंदुकीसारख्या, पण गोळी बारीक, पॉइंट टू-टूची. लोक लढाईतल्या बंदुका जमवतात. मला या आवडतात. कामठीला कॉलेजच्या छात्रसेनेत मी अशाच रायफलीवर शिकलो आणि पहिल्याच परीक्षेत पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसवल्या. हवालदारसाहेबांनी तो कागद सगळ्या रांगेपुढे फिरवला. अजून जपून ठेवला आहे मी तो.

प्रत्येक रायफलीचं एक कार्ड आहे. कुठे बनली, कुणाच्या हातून आली, मी काय दुरुस्त केलं. एकाही कार्डावर कधी खाडाखोड झाली नव्हती.

ऐंशीच्या दशकात मी गाड्यांच्या पत्र्यांचे साचे करणाऱ्या एका कारखान्यात टूल-अँड-डायचं काम करत होतो. केसाइतका फरक बोटाला कळायचा. हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक झालं आणि शिकारी मंडळी आपापल्या बंदुका माझ्याकडे आणायला लागली. हरणांचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतो. सप्टेंबरपासूनच माझ्या बेसमेंटमध्ये पाहुण्या रायफलींची रांग लागायची. मी त्या खोलायचो, साफ करायचो, रेंजवर नेऊन नेम जुळवायचो आणि परत द्यायचो. जन्मात एक प्राणी मारला नाही मी, मांस खात नाही, तरी उत्तरेच्या जंगलात माझ्या हाताखालून गेलेल्या रायफली वाजत होत्या. आमचे मराठी मित्र चिडवायचे, "काका, एवढ्या बंदुका कशाला? भेंडी टिपायला का?" सुमन वरून जिन्यात ओरडायची, "सवतींच्या आंघोळी झाल्या असतील तर जेवायला या."

मला ते सगळं आवडायचं. का नाही आवडणार? आलो तेव्हा माझं नावसुद्धा कुणाला धड घेता येत नव्हतं, आणि आता माझ्या एका शब्दावर लोक बंदूक खांद्यावर टाकून निघत होते.

रस्त्यापलीकडच्या घरातला वॉल्ट त्यांतला पहिला. चौसष्ट वर्षांचा, बायको वारलेली, मुलगी ओहायोत. तरुणपणी फौजेत होता. मी चिंध्या मोजून घेतो म्हणून मला 'सार्जंट' म्हणायचा. नळी साफ करायच्या कापडाच्या पट्टीला आमचे हवालदार चिंधी म्हणत, आणि त्यांचा नियम एकच: जितक्या आत गेल्या, तितक्या बाहेर आल्या पाहिजेत. मी तो नियम वॉल्टला शिकवला होता. तो आधी बंदूक परत नेताना नळीत तार घालून बघायचा. पुढे बंद केलं. म्हणाला, "डॉक्टरने घातलेले टाके कुणी उसवून बघतं का?"

आणि वॉल्टकडे एक सरावाची रायफल होती. ज्या छावणीत तो शिकला, तिथलीच. पुढे लिलावात निघाली तेव्हा दस्त्यावरचा नंबर ओळखून त्याने ती घेतली होती. मी तिच्यावर किती वर्षं डोळा ठेवून होतो! तीनदा मागितली. तीनदा तो हसला. "सार्जंट, ती माझं तारुण्य आहे. मी मेल्यावर माग."

आता दसऱ्याकडे येतो. यायलाच हवं.

माझे वडील लष्करी वर्कशॉपमध्ये फिटर होते. खंडेनवमीला ते लेथला झेंडूची माळ घालायचे, पान्यांना, कानशींना हळदकुंकू लावायचे. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, त्याला नमस्कार करायचा. मी ते अमेरिकेतही सोडलं नाही. सुमन परसात झेंडू लावायची. थंडीने करपायच्या आत तेवढी फुलं मिळायची. माझ्या रायफलींबरोबर पाहुण्या रायफलींचीही पूजा व्हायची. हत्यार कुणाचंही असो, ते माझ्या छपराखाली होतं. एकच अडचण. नळी वर करून उभ्या ठेवलेल्या रायफलीत अक्षता पडतात, कुंकू जातं. म्हणून मी जुन्या पंच्याच्या चिंध्यांचे बोळे करून प्रत्येक नळीच्या तोंडात बसवायचो आणि पूजा झाली की काढायचो.

त्या वर्षी माझ्या दहा होत्या आणि पाहुण्या सात. सतरा बोळे.

पूजेला पंधरा-वीस माणसं आली होती. मी प्रत्येक रायफलीची कथा सांगत होतो, रंगात आलो होतो. वरून जेवणाची हाक आली तेव्हा मी भराभर बोळे उपसले आणि मोजले. सोळा भरले.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. मी मोजले होते. मोजायचं विसरलो असतो तर ती चूक झाली असती. मी मोजले, सोळा भरले, आणि मी म्हटलं — पडला असेल कुठेतरी, सुमनने फुलांबरोबर झाडला असेल. मंडळी खोळंबली होती. अर्धी गोष्ट सांगायची राहिली होती. मी वर गेलो.

वॉल्टची शिकारी रायफल खालच्या लिव्हरवर चालणारी; मागून नळीत डोकावता येत नाही. हळदकुंकवाचं बोट लावताना माझ्याच बोटाने तिच्यातला बोळा आत गेला असणार. वॉल्ट दुसऱ्या दिवशी येऊन ती घेऊन गेला. दस्त्यावर हळदीचं बोट होतं, ते त्याने पुसलं नाही. म्हणाला, "असू दे, तुझा आशीर्वाद."

हंगामाच्या पहिल्याच सकाळी, पहिल्याच गोळीला नळीचं तोंड फाटलं. गालावर एक ओरखडा आला, एवढंच. बोटभर इकडे असता तर डोळा गेला असता.

तो ती घोंगडीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. माझ्या टेबलावर ठेवली, दिव्याखाली. फाटलेल्या पोलादाच्या चिरेत एक धागा अडकला होता. टोकाला जळलेला, बाकी पिवळा. हळदीचा पिवळा.

वॉल्टचा चष्मा खिशात होता.

"सार्जंट," तो म्हणाला, "ओंडका ओलांडताना मी गुडघ्यावर पडलो होतो. नळीत बर्फ गेला असेल का? मी बघितलं होतं. बघितलं होतं असं वाटतंय." आणि माझ्याकडे पाहत राहिला. चाळीस वर्षं बंदूक वापरलेला माणूस मला विचारत होता, आपण काय केलं ते.

मी धाग्यावर अंगठा ठेवला.

"बर्फच," मी म्हटलं. तेवढ्यावर थांबलो असतो! पण समोरच्याने आणखी काही विचारू नये म्हणून माणूस जास्त बोलतो. मी म्हटलं, "या वयात होतं असं, वॉल्ट."

त्याने मान हलवली. घोंगडीची घडी घातली. आधी उलटी घातली, मग मोडून पुन्हा घातली. ते मी पाहत उभा होतो.

पुढच्या वर्षी तो जंगलात गेला नाही. कधीच गेला नाही. रेंजवर जुने सोबती थट्टा करायचे, "वॉल्ट, आज खिशात बर्फ नाही ना?" तो सगळ्यांच्या आधी हसायचा. स्वयंपाकघरातून निघताना शेगडी बंद आहे ना, हे तीन-तीनदा बघायला लागला. दाराला कुलूप घालून पुन्हा मागे फिरायचा. मी माझ्या खिडकीतून बघायचो. एकदा सांगितलं असतं तर? रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो? कारखान्यातल्या लोकांनी माझ्याकडे रायफली आणणं थांबवलं असतं. 'त्याने पूजेची चिंधी आत विसरली' — ही गोष्ट सगळ्या रेंजवर फिरली असती. मी रस्ता ओलांडला नाही.

वसंतात तोच ओलांडून आला, ती सरावाची रायफल घेऊन. "ज्याला स्वतःच्या नळीचा भरवसा नाही, त्याने हिला ठेवू नये," म्हणाला. "तुझ्याकडे नीट राहील."

मी दोन्ही हातांनी घेतली. आणि आतून आनंद झाला, हे खरं. हेच तुम्हाला सांगायचं होतं बहुधा. तीनदा नाही म्हणालेला माणूस चौथ्यांदा न मागता देत होता, आणि का देतोय ते जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

त्या दिवशी मी कार्ड लिहिलं: 'क्रमांक अकरा. मित्राकडून भेट.' पुढे कितीतरी पाहुण्यांना मी ते वाचून दाखवलं. मैत्रीची खूण म्हणून.

वॉल्ट गेला तेव्हा त्याच्या मुलीने माझे हात धरले. म्हणाली, "तुम्ही बाबांना वेळेवर सांगितलंत म्हणून ते थांबले. नाहीतर कधीतरी मोठा अपघात झाला असता." मी तिच्याकडून ते आभारही घेतले.

आज मी ब्याऐंशीचा आहे. तेव्हाच्या वॉल्टपेक्षा अठरा वर्षांनी मोठा. अजून माझी नळी आरशासारखी असते, हात स्थिर आहे, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे — तो काही केल्या जात नाही. पुढच्या महिन्यात माझा संग्रह इथल्या एका लहानशा संग्रहालयात जाणार आहे. त्यांनी सगळी कार्डं मागितली. मुलगा म्हणाला, "डॅड, जस्ट लीव्ह इट. इट सेज गिफ्ट, दॅट्स फाइन."

मी कार्ड बदललं आहे. कार्डांच्या त्या पेटीत पहिल्यांदाच खाडाखोड झाली. 'मित्राकडून भेट' यावर रेघ मारली. पुसलं नाही, वाचता येतं. खाली लिहिलं आहे ते असं:

'मूळ मालक सावध माणूस होता. त्याच्या शिकारी रायफलीत माझ्या पूजेचा बोळा राहिला होता. मी सोळा मोजले होते, सतरा हवे होते. नळी फाटली तेव्हा मला धागा दिसला आणि मी तो लपवला. चूक त्याची आहे असं मानून त्याने ही रायफल मला दिली. मी ती ठेवून घेतली.'

याची एक प्रत त्याच्या मुलीला पाठवली आहे. पाकिटावर माझा पत्ता घातला आहे. कुणी पाठवलं हे तिला कळावं, एवढ्यासाठी.

कार्डावर शेवटी थोडी जागा उरली होती. तिथे आणखी एक ओळ लिहिली:

'त्या सकाळी नळीत बर्फ नव्हता.'