डाव्या डोळ्यावरचा झोत

जुन्या टॉर्चमध्ये नवे एलईडी बसवायचा छंद मला कॉलेजपासून आहे. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की घणसोलीच्या घरातली ती दुपार अजून आठवते.

बाबा पेपर वाचत होते. मी गंमत म्हणून बाजूने त्यांच्या डाव्या डोळ्यावर झोत मारला. पापणीसुद्धा लवली नाही.

“बाबा, दिसत नाही?”

“दोन वर्षं झाली. आईला बोलू नको. कंपनीत कळलं तर मशीनवरून काढतील.”

पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात ते एका डोळ्याने लेथ चालवत होते! मी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. काचबिंदू निघाला. नोकरी गेली, पण उजवा डोळा वाचला.

त्या दोन वर्षांत बाबा दाराला धडकले की आम्ही हसायचो.