वन टननं किती ओढलं

त्या पावसाळ्यात माझी पोस्टिंग भोपाळला होती. मी नायक, ड्रायव्हर. शाळा चौथीपर्यंत. पण स्टिअरिंग माझ्या हातात असलं की शेजारचा माणूस निवांत झोप काढायचा, हे मी सांगतो आणि त्यात काही वाढवून सांगत नाही.

आमच्या तुकडीला वन टन गाडी होती. सिव्हिलमधले लोक तिला आज पिकअप म्हणतील. पुढं केबिन, मागं उघडा हौदा, शेवटाला ट्रेलर अडकवायचा हूक. सकाळी पीटी, चहा, मग गाडीची देखभाल. तेल, पाणी, टायरची हवा, हूकला ग्रीस. तुकडीचे कमांडर हवालदार शिर्के हूकवर स्वतः बोट फिरवून बघायचे. बोट कोरडं निघालं तर ओरडायचे नाहीत. म्हणायचे, "नायक साहेब, हूक उपाशी आहे." बास. दुपारचं जेवण कडू व्हायला तेवढं पुरत असे.

शिर्के साताऱ्याकडचे, पाटणच्या बाजूचे. उंची बेताची, आवाज दुप्पट.

पाऊस लागला तो थांबेना. तलाव भरले, नाले रस्त्यावर आले. सिव्हिलनं आर्मीची मदत मागितली. आम्हाला एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जायचा हुकूम मिळाला. आम्ही वन टन घेऊन पुढं निघालो. मोठा ट्रक मागून येणार होता.

टाउनशिपचं हॉस्पिटल उताराच्या तळाशी होतं. नाल्याचं पाणी जनरेटरच्या खोलीत शिरत होतं. बाहेरची लाईट गेलेली. वर काचेच्या पेट्यांत दिवस भरायच्या आत जन्मलेली तीन बाळं होती. जनरेटर बुडाला की पेट्या थंड पडणार. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की बाळांना पेटीबाहेर काढून या पावसात न्यायचं नाही. म्हणजे पाणीच उपसायला हवं. उपसायचा मोठा डिझेल पंप ट्रेलरवर बसवलेला, आणि तो उभा होता वर, कारखान्याच्या गेटापाशी.

तिथले इंजिनिअर खरे साहेब, नागपूरचे. छत्री नाही, चष्म्यावर पाणी. म्हणाले, "हवालदार साहेब, पंपासकट ट्रेलर अडीच टन आहे. तुमचा ट्रक कधी येतो?"

शिर्क्यांनी वायरलेस सेट घेतला. "बडी गाडी कहाँ है? ओव्हर."

पलीकडून ट्रकबरोबरचे सुभेदार साहेब. "हबीबगंज के पास रास्ता बंद है. टाइम लगेगा. ओव्हर."

"पंप अढ़ाई टन. मेरे पास वन टन है. ओव्हर."

खरखरीतून उत्तर आलं, "गाडी तुम्हारी, फैसला तुम्हारा. आउट."

भोवती कारखान्याचे शंभरेक कामगार जमले होते. त्यात रामसेवक नावाचा एक फिटर, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "हवलदार साब, गाडी का तो नाम ही वन टन है. अढ़ाई टन कैसे ले जाओगे? तीन चक्कर में?"

लोक हसले. शिर्केही हसले. म्हणाले, "फिटर साब, सिर पे कितनी बोरी उठाते हो?"

"एक."

"और ठेले पे?"

"छह-सात खींच लूँ."

"बस. वन टन इसके सिर का हिसाब है. ठेले का अलग."

ही गोष्ट आजही लोकांना कळत नाही, म्हणून सांगतो. गाडीच्या नावातलं वजन हे तिच्या पाठीवरचं वजन. मागं ओढायचं वजन त्याहून जास्त असतं, कारण ते स्वतःच्या चाकांवर चालतं. सपाट रस्त्यावर गाडी तिच्याहून जड ट्रेलरसुद्धा हलवते. चढावर तोच ट्रेलर मागं खेचतो. आणि उतारावर तो गाडीला पुढं ढकलतो. खरा हिशेब उताराचा.

खरे साहेबांनी नेमकं तेच विचारलं. "ओढेल हो. पण या उतारावर थांबेल का?"

"नाही थांबणार," शिर्के म्हणाले. "तिचे ब्रेक तिच्यापुरते. ट्रेलरला एक हॅन्डब्रेक आहे, तो पुरणार नाही. बाकीचं माणसांनी थांबवायचं. दोर आहे का?"

"क्रेनचा जाड दोर आहे."

"आणा."

तोवर वन टनच्या हौद्यात पंधरा-वीस माणसं चढून बसली होती. टाउनशिपच्या बायकांनी हॉस्पिटलसाठी केलेल्या पुऱ्यांची पातेली, बटाट्याची भाजी, एक सतरंजी आणि का कोण जाणे, एक हार्मोनियमही वर आली होती. मदतीला चाललेली माणसं ती. पण पाठीवर घेतलेला प्रत्येक किलो मागच्या ओढण्यातून कमी होतो.

"सगळे खाली!" शिर्के कडाडले. "पुऱ्यासुद्धा!"

एक आजी पातेलं सोडेनात. "अरे बाळा, पुऱ्यांचं असं वजन ते काय असतं?"

"आजी, तुमच्या पुऱ्या हलक्याच असतील. पातेलं तांब्याचं आहे."

आजी पुटपुटत उतरल्या. हौद्यात मागच्या चाकांवर दाब राहील एवढीच वाळूची पोती ठेवली. पंपाचं इंजिन ट्रेलरच्या मागच्या टोकाला असल्यानं ट्रेलरचं नाक वर उचलत होतं. तसं नाक हूकला उचलतं, हूक गाडीचा मागचा भाग उचलतो, आणि चाकं घसरतात. म्हणून पाइपांची सगळी वेटोळी शिर्क्यांनी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बांधायला लावली. मी हूक लावला, पिन घातली. त्यांनी बोट फिरवलं, बोट काळं निघालं.

दोर ट्रेलरच्या मागं बांधला. शंभर माणसांनी तो धरायचा आणि गाडी खाली जाताना उलट बाजूला, वरच्या दिशेनं ताणायचा.

शिर्क्यांनी हुकूम दिला, "सगळ्यांनी ओढा!"

मराठी माणसांनी ओढलं. रामसेवक म्हणाला, "ओढ़ें? क्या ओढ़ें साब, कंबल?"

हिंदीत ओढणं म्हणजे पांघरणं. पुन्हा हशा. "खींचो" म्हणावं तर निम्मे लोक ट्रेलरच्या बाजूला जाऊन तो पुढं ढकलायला लागले. पिढ्यान्‌पिढ्या अडकलेली गाडी ढकलायचीच सवय. शिर्क्यांनी सगळ्यांना परत दोरावर आणलं आणि सांगितलं, "आजपासून दोनच शब्द. रोक आणि ढील. तिसरा शब्द कोणी बोलला तर दोरानं बांधीन."

खरे साहेब बूट काढून दोराच्या पहिल्या जागेवर उभे राहिले. रामसेवक त्यांच्या मागं.

ट्रेलरच्या हॅन्डब्रेकवर एक माणूस लागतो. तो ट्रेलरवरच उभा राहतो. मी म्हटलं, "तिथं दुसरा जवान देतो. तुम्ही केबिनमध्ये बसा."

"तू रस्ता बघ," शिर्के म्हणाले आणि चढले.

लो गिअरमध्ये उतार सुरू केला. ब्रेकला पाय जवळजवळ लावला नाही. मागून आवाज येत होता. "ढील... ढील... रोक!" रोक म्हटलं की अख्खी टाउनशिप मागं रेलायची आणि मला स्टिअरिंगमध्ये कळायचं की मागचा धक्का थांबला. अडीच टन माझ्या पाठीशी पाळलेल्या बैलासारखे चालत होते. आयुष्यात पुष्कळ गाड्या चालवल्या, तशी एकही नाही.

तळाशी नाल्यावर पुलिया, म्हणजे छोटा पूल होता. वरून गुडघाभर पाणी वाहत होतं. वन टन पार झाली. ट्रेलर मधोमध असताना पुलियाची डावी कड तुटली आणि त्याचं डावं चाक खाली बसलं. हूकनं गाडीचा मागचा भाग डावीकडं खेचला.

"रोक!"

दोर ताठ झाला. पुढून मी, मागून शंभर माणसं, मधे ट्रेलर लटकलेला आणि त्यावर शिर्के.

त्यांना उजवीकडं उडी मारता आली असती. जागा होती, वेळही होता. पण ब्रेक लागलेला राहिला असता तर चाक वर आलं नसतं, आणि तो सोडायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला. "नायक, खींच! ढील!" दोन्ही हुकूम एका श्वासात, आणि त्याच क्षणी ब्रेक सोडला.

मी खेचलं. चाक कडेवर चढलं, ट्रेलर उसळला आणि रस्त्यावर आला. त्या उसळीत शिर्के डावीकडं फेकले गेले, पुलियाच्या दगडावर.

त्यांना मी आणि रामसेवकनं उचललं. वन टनच्या हौद्यात वाळूच्या पोत्यांवर ठेवलं. गाडी थांबवली ती हॉस्पिटलच्या दारातच. खरे साहेबांनी आणि फिटर लोकांनी पंप जोडला. पाणी उतरायला लागलं. जनरेटर एकदाही बंद पडला नाही. तिन्ही बाळं जगली.

डॉक्टरांनी शिर्क्यांना व्हरांड्यातल्या स्ट्रेचरवर तपासलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. बाहेर पंप धडधडत होता. शिर्क्यांनी डोळे उघडले, ऐकलं आणि म्हणाले, "हवा घेतोय. पाइप खाली घाला." मी धावत जाऊन सांगितलं. पाणी उतरल्यानं पाइपाचं तोंड उघडं पडून पंप हवा ओढत होता; पाइप खाली घातला, आवाज भरून आला. परत आलो तोवर ते गेले होते.

पुढं काही लोक सांगायला लागले की हवालदार पाण्यात वाहून गेले. मी पेन्शनीनंतर याच टाउनशिपमध्ये नोकरीला लागलो. थेट शहरातल्या जवाहर चौकापर्यंत कोणी तसं बोललं तर मी त्याला उभा करून दुरुस्त केलंय, आणि करतो. ते वाहून गेले नाहीत. ते ड्युटीवर होते.

त्यांच्या पत्नी गावाहून भोपाळला आल्या. वहिनींना पुलिया बघायची होती. दाखवली. मग त्यांनी विचारलं, "शेवटचं काय म्हणाले? माझं काही, पोरांचं काही?"

खोटं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. म्हटलं, "म्हणाले, हवा घेतोय, पाइप खाली घाला."

वहिनींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आणि घातला का तुम्ही?"

"घातला."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या. "अर्धवट काम टाकून ते कधी कुठं गेलेच नाहीत."