तासिकेवरचं गाणं

"ते गानं सोडून काहीबी म्हन," दादा म्हणाला.

गाडी बडनेऱ्याचा पूल उतरून अकोल्याच्या रस्त्याला लागली होती. मागच्या सीटवर दादा आणि मी, आमच्या मधे गिटार आडवी. गाडी आमचा ड्रमर चालवत होता. इतका वेळ त्याच्या तोंडाची टकळी सुरू होती, ती एकदम बंद पडली. कोणतं गाणं ते त्यालाही कळलं होतं.

"काहून?" मी म्हटलं. "मी काय कोनाच्या बापाले भेते का?"

"तू नाही भेत वं. मले भेव लागते."

यावर काय बोलणार, कप्पाळ! मी लहानपणापासून तोंडाळ. भांडायला समोर कुणी असलं की मला बरं वाटतं. पण दादा भांडतच नाही. तो सरळ खरं सांगून टाकतो आणि मग आपण बसायचं तोंडात मारल्यासारखं.

दादा अकोल्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा, तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे. दिवाळीची सुट्टी लागली की पगार बंद, उन्हाळा लागला की नोकरीच बंद, आणि कॉलेज उघडलं की पुन्हा नवा अर्ज, पुन्हा नवी ऑर्डर. अमरावतीहून रोजचं अपडाऊन. नेट झालेलं, पीएच.डी. झालेली, डोक्यावरचे अर्धे केस गेलेले. तरी लग्नाची बोलणी निघाली की पाहुणे चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारणार, "सर परमनंट हायेत न?" आई मग आत जाऊन उगाच भांडी वाजवायची.

गाणं झालं ते एका दिवाळीत. सुट्टीत घरी बसून काय खाणार, म्हणून दादा बाजार समितीत काट्यावर पावत्या लिहायला बसला होता. त्याच्याच वर्गातला एक पोट्टा बापासोबत सोयाबीन घेऊन आला. सरांना पाहिलं, ट्रॉलीवरून उडी मारली आणि सगळ्या हमालांसमोर पाया पडला. दादानं हे आम्हाला जेवताना हसत हसत सांगितलं. हसत होता, पण ताटातली भाकरी तशीच राहिली. मला इतका राग आला की मी गिटार घेऊन सरळ गच्चीवर गेले.

*घंटी वाजली त मी सर,*
*घंटी थांबली त मी कोन?*

एवढं सुचलं आणि पुढचं दोन दिवसांत झालं. दादाला ऐकवलं तर डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "त्यातली चूल काढ बरं. आपल्या घरी गॅस हाये." असा माणूस. चूल काढली.

तोवर मी बरीच वर्षं गात होते, आणि कुणाच्याच पंगतीत मला धड पाट मिळत नव्हता. आमच्या वस्तीत जयंतीला गायन पार्टी ठरलेली. ढोलक, हार्मोनियम, खड्या आवाजाची माणसं. त्याच आवाजावर मी वाढले. फक्त हार्मोनियमच्या जागी गिटार आली, आवाजाला मुद्दाम खरखर दिली आणि शब्द आमचे वऱ्हाडी ठेवले. वस्तीतले म्हातारे म्हणायचे, "बाप्पा बाप्पा, हे काय किंचाळनं वं?" आणि पुण्याकडचे रॉकवाले म्हणायचे, "आवाज भारी आहे, पण दरवेळी राजकारण कशाला?" अरे, माझ्या घरात सकाळी डबा भरण्यापासून राजकारण सुरू होतं, ते काय गाण्याच्या वेळी खुंटीला टांगू?

पण त्या दिवशी मला गप्प बसायचं होतं. दादाच्या कॉलेजात कित्येक वर्षांनी त्याच्या विषयाची एक कायमची जागा निघाली होती. मुलाखत पुढच्या आठवड्यात, आणि मुलाखत घेणार संस्थेचे अध्यक्ष. आमचा कार्यक्रम जयंती उत्सव समितीच्या पोरांनी ठेवलेला, पण सभागृह त्याच संस्थेचं. ते फुकट मिळालं, म्हणून प्रमुख पाहुणे अध्यक्षसाहेब. पोरांना वाटलं होतं आपण लय हुशारी केली.

"नाही म्हनत," मी दादाला शब्द दिला. मूर्तिजापूरला चहा प्यायलो तेव्हा त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. अकोल्यात पोचलो तेव्हा पाच वाजत होते आणि ऊन अजून अंगाला चावत होतं.

सभागृहात दोन्ही भिंतींना लोखंडी कूलर लावले होते. इतका घोंगाट की माइकमधून आधी कूलर आणि मग मी ऐकू यायचे. सूत्रसंचालन करणारे सर दादाच्याच कॉलेजातले, मराठीचे, परमनंट. कविता करायचे. दादावर त्यांचा खरा जीव. कामाचा माणूस, वाया चाललाय, असं चारचौघांत बोलायचे. त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमच्याबद्दल काय सांगू?"

"गाते म्हनून सांगा," मी म्हटलं. "बस्स."

"असं कसं? आपल्याकडं मानसाची ओळख त्याच्या घरापासून करून देतात."

मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण माझं लक्ष दादाकडे. तो मागून तिसऱ्या रांगेत त्याच्या विद्यार्थ्यांमधे बसला होता, आणि पोरं "सर, सर" करत त्याला आपल्या मोबाइलमधलं काहीतरी दाखवत होती.

पहिली तीन गाणी झाली. चौथ्याच्या मधोमध सूत्रसंचालक हात वर करून मंचावर आले, आणि ड्रमरची काठी हवेतच थांबली. साहेब आले होते. मग काय, गाणं गेलं खड्ड्यात. टाळ्या, हार, शाल, चौकटीत बसवलेली संविधानाची उद्देशिका, फोटो, पुन्हा फोटो, कारण पहिल्यात समितीचा एक जण कापला गेला होता. मी गिटार गळ्यात अडकवून बाजूला उभी. साहेब पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसले आणि त्यांनी मला हातानं खूण केली, चालू द्या. गाणं काय पंखा आहे, बटन दाबून चालू करायला? मी मधलं सोडून पुढचंच गाणं घेतलं.

ते संपलं आणि सूत्रसंचालकांनी माइक घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता.

"रसिकहो, कलावंत आभाळातून पडत नाही, तो घरात घडतो. आणि हे घर आपल्याला परकं नाही. आपल्याच महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे, विद्यार्थ्यांचे लाडके सर, हे ताईंचे थोरले बंधू! त्यांच्याच अनुभवावर ताईंनी जे गाणं केलं, ते साऱ्या तरुणाईच्या ओठांवर आहे..."

सरांच्या चेहऱ्यावर निव्वळ माया होती. अध्यक्षांसमोर आपल्या मित्राचं नाव चांगलं व्हावं, मुलाखतीआधी चार शब्द कानावर पडावेत, एवढाच त्यांचा हेतू. माणूस वाईट असता तर शिव्या तरी घातल्या असत्या.

"तासिका! तासिका!" पोरांनी ओरडायला सुरुवात केली.

"आज नाही," मी माइकवर म्हटलं. "आवाज बसला हाये." आणि ते इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की पुढच्या रांगेतल्या दोन बाया हसल्या.

साहेबांनी सोफ्यावरूनच हात पुढे केला. कुणीतरी धावत जाऊन त्यांच्या हातात माइक दिला. "कोनतं गानं आहे? होऊ द्या की. आमी काय ऐकू नाही?" लोक हसले. मग ते मागे वळले. "सर कुठं आहेत? उभे राहा जरा."

दादा उभा राहिला. माइक रांगारांगांतून हातोहात त्याच्याकडे गेला. जाताना त्यातून खरखर येत होती आणि मला वाटत होतं, तो मधेच पडून फुटावा. साहेबांच्या हातात दुसरा माइक आला होता.

"सांगा सर, मोकळेपनानं सांगा. आमच्याकडं काही तरास आहे का तुमाले?"

पुन्हा हशा. यावर काय म्हणायचं ते त्या सभागृहातल्या खुर्चीलाही माहीत होतं. "नाही साहेब, मजेत आहे." चार शब्द, आणि सगळं निभावलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, मी दुसरं गाणं घेतलं असतं, पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली असती. म्हण ना रे दादा, मी मनात म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की माझ्या भावानं खोटं बोलावं.

कूलर घोंगावत होते. दादाच्या दोन्ही बाजूंची पोरं मान वर करून त्याच्याकडे पाहत होती. त्यातल्या एकानं मोबाइल वर धरला होता. दादानं एकदा त्या पोरांकडे पाहिलं आणि माइक तोंडाजवळ नेला.

"साहेब, माहे विद्यार्थी बसले हायेत अथी. याइच्यासमोर मले खोटं बोलता येत नाही." मग माझ्याकडे पाहून, जसा घरी हाक मारतो तसा, "म्हन वं."

मी म्हटलं. कसं म्हटलं ते विचारू नका. ड्रमर घाबरून एक मात्रा उशिरा आला, माझा डावा हात घामानं तारांवरून घसरत होता, आणि पहिल्या कडव्यात माझा आवाज खरोखरच बसला. दुसऱ्या कडव्यापासून पोरांनी गाणं उचललं. "घंटी थांबली त मी कोन" ही ओळ सगळं सभागृह ओरडत होतं, आणि पहिल्या रांगेत साहेब मांडीवर हातानं ताल धरून बसले होते. ताल एकदाही चुकला नाही. त्या हाताची मला जेवढी भीती वाटली तेवढी कुणी चप्पल फेकली असती तरी वाटली नसती.

गाणं संपल्यावर ते मंचावर आले. थोड्या वेळापूर्वी त्यांना पांघरलेली शाल त्यांनी काढून माझ्या खांद्यावर टाकली. ती घामानं ओली होती. "आमच्या संस्थेत एवढी लोकशाही आहे," ते माइकवर म्हणाले, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक सर पडद्याजवळ उभे होते. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. आता कुठे त्यांना कळलं होतं.

परत येताना मूर्तिजापूर मागे गेलं तेव्हा मी म्हटलं, "काहून बोलला तू? म्याच शब्द देल्ला होता न तुले?"

"तू पाळला की शब्द," दादा म्हणाला. "मी तासाले त्याइले कलम एकोणीस शिकवतो, बोलाचं स्वातंत्र्य. मंग तथी काय सांगू, साहेब मजेत हाये म्हनून?"

मुलाखत झाली. त्याला चहा दिला, आपुलकीनं बोलले, एकच प्रश्न विचारला आणि गाणं छान होतं म्हणाले. जागा दुसऱ्याला गेली. हे तर आम्ही धरूनच चाललो होतो. पण कॉलेज उघडल्यावर तासांचं वाटप लागलं, त्यातही दादाचं नाव नव्हतं. कुणी काढलं नाही, कुणी चिठ्ठी दिली नाही. नाव नव्हतं, बस्स. सूत्रसंचालक सर घरी आले, आईसमोर हात जोडून रडले. आईनं त्यांना जेवू घातलं आणि ते गेल्यावर माझ्यावर ओरडली. बरोबरच होतं, कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं.

आणि माझं काय झालं? माझं भलं झालं! त्या पोट्ट्याच्या मोबाइलमधला तो तुकडा, दादा माइक हातात घेऊन उभा आहे आणि मग मी गाते, सगळीकडे फिरला. पुण्याहून फोन आला, मग मुंबईहून, मग बंगलोरहून. जे राजकारण कशाला म्हणायचे तेच आता "तेच गाणं घ्या" म्हणू लागले. मंचावर माझी ओळख करून देताना निवेदक आवाज खाली आणून सांगतो, या गाण्यापायी यांच्या भावाची नोकरी गेली, आणि लोक मी तोंड उघडायच्या आधीच टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या घेताना माझा जीव जळतो. गाणं बंद करून टाकते म्हटलं तर दादा चिडला. चिडलेलं मी त्याला तेव्हाच पाहिलं. "मंग मी उभा कायले राह्यलो?" म्हणाला.

आता तो समोरच्या खोलीत स्पर्धा परीक्षांच्या पोरांचे वर्ग घेतो. मागच्या महिन्यात एका संगीत कंपनीनं मला तीन वर्षांचा करार पाठवला. दर महिन्याला ठरलेले पैसे, गाणं होवो न होवो. मी तो दादाकडे दिला. इंग्रजीतली कलमं तोच वाचू जाणे. शिकवणी संपल्यावर त्यानं सगळी पानं सावकाश वाचली, एका अटीवर पेन्सिलनं खूण केली, एवढी बदलून घे म्हणाला.

"सुट्टीतबी देतीन का हे पैसे?" त्यानं विचारलं.

"देतीन."

"उन्हाळ्यातबी?"

"हो न."

त्यानं कागद सारखे करून माझ्या हातात दिले. "चाल बरं झालं," म्हणाला. "आपल्या घरात कोनी तरी परमनंट झालं."

टोमणा मारला असता तर मी भांडले असते. पण तो मनापासून खूश झाला होता. आत जाऊन आईलाही सांगून आला.