तुसाची राख

शेजारचे प्राध्यापक नागपुरात इंजिनिअरिंग शिकवत आणि सुटीत भंडाऱ्याला येऊन अंगणात धानाचं तूस जाळत. त्या राखेतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांवर त्यांचं संशोधन होतं. कणांविषयी बोलताना ते चिमूट चोळत राहायचे. महिनाभर खपून केलेली राख त्यांनी एकदा माझ्या ओट्यावर उन्हात ठेवली, आणि मी चुलीतली समजून त्या सगळ्या राखेनं पाण्याचा पितळी गुंड घासला. चार दिवसांनी ती दिल्लीच्या परिषदेत दाखवायची होती. मी सरळ जाऊन सांगितलं. त्यांनी गुंड उन्हात फिरवून पाहिला.

"वहिनी, एकबी ओरखडा नाही! मले पायजे तेवढेच बारीक कण होते."

"मग दिल्लीले काय हा गुंड नेता?"

"नेला असता, पण मायक्रोस्कोपखाली मावत नाही."

हसले, पण चिमूट रिकामीच चोळत होते. मी पोतं उचललं आणि तूस आणायला धानाच्या गिरणीवर गेले.