दोन खिडक्यांची वायर

काकांना अख्खी गल्ली गवंड्याचा ओळंबा म्हणते. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेल्या या माणसाला भिंतीवरची वायर केसभर जरी तिरकी दिसली तरी घास गोड लागत नाही. कुणाकडे गेले की आधी दाराची चौकट बघतात, मग घरातली माणसं. काकू म्हणते, लग्नाच्या फोटोतसुद्धा ते माझ्याकडे नाही, मागे लोंबणाऱ्या वायरकडे बघतायत. फोटो मी पाहिलाय. काकूचं खरं आहे.

आत्या, म्हणजे काकांची थोरली बहीण, एकटी राहते आणि शिवणकाम करते. गेल्या महिन्यात मशीनच्या वायरीत पाय अडकून ती पडली. हाड मोडलं नाही, पण परगावी राहणाऱ्या तिच्या मुलाने फोनवरच निकाल दिला: घर बंद करायचं, आईने आपल्याकडे राहायचं. रविवारी तो न्यायलाच येणार होता. आत्या हातातले कपडे भराभर उरकायला लागली.

गुरुवारी काका हत्यारांची पिशवी घेऊन आत्याकडे हजर झाले. दिवसभर खपून त्यांनी जमिनीवरची वायर न् वायर भिंतीला नेली. उंबऱ्यावरून जाणारी चौकटीच्या कडेने वर, माथ्यावरून आडवी, पलीकडे खाली. वीतभर अंतरावर क्लिप. जास्तीची वायर त्यांना गबाळी वाटते, म्हणून सगळं मापात कापलं आणि मशीनचं टेबल एका खिडकीखाली भिंतीला टेकवलं. संध्याकाळी लांब उभं राहून स्वतःच्याच कामाकडे असे बघत होते की मला हसू आवरेना.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं गेलो, तर खोलीच्या मधोमध नवीच वायर आडवी पडलेली. टेबल समोरच्या खिडकीशी, आणि आत्या मान खाली घालून शिवतेय. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेहनत पाण्यात घातलीस, पुन्हा पडायचंय का, मुलाला काय दाखवू, असं बरंच बोलून झालं. आत्याने हातातली शिवण पुरी केली.

"दुपारी ऊन या खिडकीत येतं," ती म्हणाली. "काळ्या कापडावर काळा दोरा मला दिव्यात दिसत नाही. तुझी वायर इथवर पोचत नाही."

"मग काल का नाही बोललीस?"

"तू इतका खूश होतास."

काका स्टुलावर बसले. म्हणाले, लोकांच्या घरात इतक्या वायरी सरळ केल्या, पण तुम्ही बसता कुठे, हे एकालाही विचारलं नाही. मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

त्या दिवशी त्यांनी हातोडीला हात लावला नाही. आत्या कुठून कुठे जाते, टेबल कधी हलवते, एवढंच बघत राहिले. शनिवारी अर्ध्या क्लिपा उपटल्या. भिंतीला भोकं पडली, तीही सोसली. दोन्ही खिडक्यांखाली सॉकेट आले, टेबलाला चाकं आली, आणि मशीनला चक्क हातभर जास्तीची वायर, टेबलाच्या आकड्यात गुंडाळून. त्या वेटोळ्याकडे ते कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून बघत होते.

रविवारी आतेभाऊ आला तो खाली बघतच. कोपरा न् कोपरा त्याने तपासला. कुठे काही सापडेना, तरी त्याचं पालुपद चालूच, की परत काही झालं तर?

आत्याने वाद घातला नाही. "ऊन फिरलं," ती म्हणाली. "टेबल तिकडे घे."

त्याने ते ढकलत नेलं. चाकं कुठेही अडली नाहीत. त्याने प्लग लावला, मागे वळून मोकळ्या जमिनीकडे पाहिलं आणि हे कपडे कधी द्यायचेत, असं आईला विचारलं. परवा, ती म्हणाली, आणि त्यानंतरचे पुढच्या आठवड्यात.

"मामा," तो म्हणाला, "न्हाणीघराच्या वाटेवर एक छोटा दिवा बसवून द्याल? मी नसताना हिला इथे बरं पडेल."

आत्याचे हात थांबले. काकांनी पिशवी ओढली, पण उघडली नाही.

"ताई," त्यांनी विचारलं, "रात्री उठतेस तेव्हा पलंगाच्या कुठल्या बाजूने उतरतेस?"