नाथसागरावरचा काळा पक्षी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एका पक्ष्याची तर गोष्ट — त्यात सांगायचं काय, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं.

रफिकभाई पडेगावचे, वाळूजच्या कारखान्यात फिटर. मी पुंडलिकनगरातला शाळामास्तर. भाद्रपदातल्या रविवारी त्यांच्या मोटारसायकलवर आम्ही नाथसागर धरणाच्या काठावर जायचो. काठावरच्या एका पडक्या खोलीच्या भिंतीवर सकाळी रात्री उडणारे पतंग पंख पसरून चिकटलेले असत. रफिकभाई आधी त्यांची चित्रं वहीत काढत, मग पाण्याकडं वळत. अकरा वर्षांच्या वह्या होत्या त्यांच्याकडं. मला पक्ष्यांतलं जे काही कळतं, ते त्यांनीच शिकवलेलं.

एका वर्षी समुद्रावर वादळ होऊन गेलं, आणि त्या रविवारी पाण्यावर मोठा काळा पक्षी आला — लांब, अरुंद पंख, कात्रीसारखी शेपटी. समुद्रावरचा पक्षी, इतका आत!

"दिसला ना, सर?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिसला."

पक्ष्यानं दोन घिरट्या घातल्या आणि गेला.

आमच्या पक्षीमंडळाच्या बैठकीत रफिकभाईंनी हे सांगितलं, तेव्हा अध्यक्ष हसले. घार असेल, म्हणाले. मग माझ्याकडं वळले. तुम्ही होतात ना तिथं?

मी काय म्हणालो? — "मी तेव्हा भिंतीवरचे पतंग बघत होतो."

का? मंडळाचं पुस्तक निघणार होतं, त्यात माझा लेख होता. अध्यक्षांना खोटं पाडायचं नव्हतं. एवढंच. रफिकभाईंनी वही मिटली. पुस्तकात त्यांची एकही नोंद घेतली नाही. ते यायचे बंद झाले. माझा लेख छापून आला. मला वाईट वाटलं का? — खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. झोपही लागत होती.

गेल्या वर्षी ते पडेगावच्या रस्त्यावर भेटले. म्हातारे झालेत. टपरीवर चहा घेतला. मी विषय काढला नव्हता, त्यांनीच काढला.

"लई विचार केला, सर. घारच असंल ती. तुम्ही काठावर माझं मन राखायला हो म्हणलात, अन् बैठकीत खरं बोललात. मला राग नाय. वह्या टाकून दिल्या मी."

पक्षी होता. मी तो नीट पाहिला होता. एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

"होतं असं कधीकधी, रफिकभाई," मी म्हणालो, आणि चहा संपवला.