विमानांची आत्या

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणत. नाव ठेवायचं काम आत्याचं, आणि विमानतळामागच्या गल्लीतल्या त्या कंपनीत छोट्या जेट विमानांची नोंदणी करून द्यायचं काम तिचं. कुठल्या देशाच्या दप्तरी विमान नोंदवायचं आणि मग शेपटीजवळ कुठली अक्षरं रंगवायची, हे तिच्याच टेबलावर ठरे. विमानांना नाव ठेवून झालं की उरलेल्या वेळात ती माणसांना नावं ठेवी. त्यातही तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मालक लोक येत ते ऐकीव गोष्टी घेऊन.

"माझ्या साडूने परदेशात त्या बेटावर नोंदवलंय. मलाही तिथेच पाहिजे."

"साडूचा चष्माही लावता का?" आत्या विचारी.

मग ती समजावून सांगे. बेटावरचे कारकून त्याच दिवशी उत्तर देतात, आपल्याकडे फाइल प्रत्येक टेबलावर मुक्काम करते. तिथल्या अक्षरांवरून विमान कोणाचं हे चारचौघांना कळत नाही. कर्ज देणाऱ्या बँकांनाही काही देशांची दप्तरं जास्त भरवशाची वाटतात. पण बेटावर खाजगी म्हणून नोंदवलेलं विमान भाड्याने देता येत नाही. त्यातून बायकामुलांना फिरवा, व्याह्यांना फिरवा, पण कोणाकडून भाडं घेतलंत की संपलं. भाड्याने द्यायचं तर तशी परवानगी देणारा देश शोधायचा आणि जास्तीच्या तपासण्या सोसायच्या. म्हणून तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "हौस आहे की धंदा?" निम्मे मालक इथेच गडबडत.

तिचा नवरा त्याच कंपनीतर्फे मालकांची विमानं उडवणारा कॅप्टन होता. सुटीवर तो घरी असला की आत्याच्या नाकी नऊ येत. कुकर लावायच्या आधी तो झाकणाची रिंग तपासे, डबे उंचीप्रमाणे लावी, आणि ती बाहेर पडताना दारात उभं राहून "गॅस?" "बंद." "खिडकी?" "बंद." असं सगळं तिच्याकडून वदवून घेई.

"तुम्ही आपले ढगातच बरे," ती म्हणे. शेजारणींना सांगे, व्याह्यांसमोरही सांगे, "हे कायमचे घरी बसले ना, तर मीच बॅग भरून निघेन." सगळे हसत. कॅप्टनही हसे.

आता त्याला पासष्ट पूर्ण होत होती. त्यानंतर भाड्याने दिलेलं विमान त्याला उडवू देणार नव्हते. मालकाच्या खाजगी विमानाला मात्र ती अट नव्हती. आणि नेमके तेव्हाच फरशीच्या कारखान्याचे मालक आत्यासमोर येऊन बसले. त्यांचं जेट कॅप्टनच उडवत असे. त्यांना नोंदणी बदलायची होती.

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आत्याने हौस की धंदा हे विचारलंच नाही. ते विमान बहुतेक दिवस हँगरमध्ये धूळ खातं, भाड्याने दिलं तर मालकांचंच भलं होईल, हे तिला तोंडपाठ होतं. पण डोळ्यांपुढे आला तो खिडकीशी बसून आभाळाकडे बघणारा नवरा. तिने बेटाचे असे गोडवे गायले की मालक मान डोलावत उठले. दिवसभर तिच्या मनाला टोचत राहिलं. तिने ते गिळलं.

आठवडाही झाला नव्हता, तोच मालकांचा फोन आला. "आत्याबाई, बेट राहू द्या. भाड्यानेच द्यायचं ठरवलंय. तुमच्या कॅप्टनसाहेबांनीच समजावलं मला."

आत्या तणतणत हँगरमध्ये गेली. कॅप्टन विमानाच्या पायरीवर बसून बूट पुसत होता.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तुमच्यासाठी मी त्यांना धडधडीत चुकीचा सल्ला दिला, आणि तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात!"

"माझ्यासाठी?" कॅप्टनने वर पाहिलं. "अगं, मला कधीपासून थांबायचंय. पाठ धरते. हॉटेलातल्या उशा नको झाल्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला मी घरी चालेन असं वाटलं नाही." तो रागाने बोलला नाही, जेवायची वेळ सांगावी तसं बोलला. "म्हटलं, नियमानेच घरी बसवलं, तर तुलाही नाही म्हणता येणार नाही."

इतकी वर्षं आत्या थट्टा करत होती आणि हा माणूस ती ऐकून पाठदुखीसकट उडत राहिला होता. तिला स्वतःचा भयंकर राग आला, थोडा त्याचाही आला. ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली.

"इतका संसार केलात, तरी थट्टा कळत नाही?"

"कळते. पण थोडी खरीही वाटते."

"थोडी खरी आहेच," आत्या म्हणाली आणि तिने त्याच्या हातातलं बूट पुसायचं फडकं काढून घेतलं. "तरी घरी या."